पायांची आग, रिपोर्ट नॉर्मल: ऑटोइम्यून स्मॉल फायबर न्यूरोपथीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळपाय रात्रभर जळतात, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात की मनाचे खेळ आहेत. थोड्याफार फरकाने असेच प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. तुमचं दुखणं खरं आहे. आणि ‘ऑटोइम्यून’ (म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या शरीरावर उलटली आहे) असा शिक्का पुराव्याशिवाय लावून घेऊ नका, कारण त्यापुढची औषधं महागही आहेत आणि जोखमीचीही.

१. स्मॉल फायबर न्यूरोपथी म्हणजे नेमकं काय?

आपल्या नसांमध्ये जाड आणि बारीक असे दोन्ही प्रकारचे तंतू असतात. स्पर्श, कंपन, सांध्याची स्थिती आणि स्नायूंना हुकूम पोचवणं ही कामं जाड तंतूंची. वेदना आणि गरम-थंड ओळखायचं काम बारीक तंतूंचं. त्यांना ए-डेल्टा आणि सी तंतू म्हणतात. घाम, हृदयाची गती, रक्तदाब, आतड्यांची हालचाल, लाळ आणि अश्रू यांच्यावरही बारीक तंतूंचंच नियंत्रण असतं. हे बारीक तंतू खराब झाले की आग होते, सुया टोचतात, मुंग्या येतात, अचानक करंट बसल्यासारखं होतं, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा नकोसा होतो. त्रास बहुधा रात्री वाढतो. ताकद आणि चाल मात्र शाबूत राहते, त्यामुळे बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो.

२. आई म्हणते, अंगात उष्णता झाली आहे, काशाच्या वाटीने तळपाय घास. घासू का?

बरं वाटत असेल तर हलक्या हाताने जरूर घासा, त्याने नुकसान होत नाही. कातडी सोलवटणार नाही एवढं बघा. पण कढत पाण्यात किंवा बर्फात पाय बुडवू नका. तापमानाचा अंदाज कमी झालेला असतो, भाजलं तरी वेळेवर कळत नाही. पाणी आधी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या आवारात अनवाणी चालू नका. आणि आग काही आठवड्यांत थांबली नाही तर वाटी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

३. एनसीव्ही-ईएमजी नॉर्मल आली. म्हणजे नसा चांगल्या आहेत ना?

नाही, तसा अर्थ होत नाही. एनसीव्ही ही नसांमधून वीजसंदेश कसा जातो ते पाहणारी तपासणी फक्त जाड तंतूंचा वेग आणि जोर मोजते, आणि ईएमजी स्नायूंची तपासणी करते. हमरस्त्यावरची वाहतूक मोजून गल्लीबोळात काय चाललंय ते कळत नाही, तसंच हे. निव्वळ बारीक तंतूंच्या आजारात ही तपासणी नॉर्मलच यायला हवी. तरीही ती करून घ्यावी, कारण जाड तंतूही बिघडले असतील तर निदानाची दिशाच बदलते. दुःख या गोष्टीचं आहे की या एका नॉर्मल कागदावर कित्येकांना झोपेची गोळी देऊन घरी पाठवलं जातं.

४. मग निदान होतं कसं?

पहिलं काम न्यूरॉलॉजिस्टच्या हातातलं: टाचणीची टोच आणि गार धातूचा स्पर्श कुठे कमी कळतो, कुठे जास्त, याचा पायापासून वरपर्यंत नकाशा काढायचा. त्यानंतरची सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे त्वचेची पंच बायोप्सी. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून १० सेंटीमीटर वर, आणि बहुतेक वेळा मांडीवरही, ३ मिलीमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा घेतात. तो पीजीपी ९.५ या प्रथिनाच्या अँटीबॉडीने रंगवतात आणि त्वचेच्या वरच्या थरात एका मिलीमीटरमध्ये किती तंतू शिरतात ते मोजतात. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या निरोगी माणसांशी तुलना करून आकडा खालच्या ५ टक्क्यांत आला तर तो कमी धरतात.

याशिवाय घामाच्या नसांची क्यूसार्ट, गरम-थंडाचा उंबरठा मोजणारी क्यूएसटी आणि हृदयगती-रक्तदाबाच्या ऑटोनॉमिक (आपोआप चालणाऱ्या नसांच्या) चाचण्या असतात. त्या सगळीकडे होत नाहीत, आणि प्रत्येकाला सगळ्या लागतही नाहीत.

५. बायोप्सी दुखते का? आधी काय काळजी घ्यायची?

जागा बधिर करायच्या इंजेक्शनची टोच जाणवते, पुढे फारसं नाही. टाके सहसा लागत नाहीत. पट्टी बांधतात, जखम एक-दोन आठवड्यांत भरते आणि बारीकसा डाग राहतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, मधुमेह असेल किंवा पायावर सूज असेल तर आधी सांगा. त्या जागी कॅप्सेसिनचा मलम लावत असाल तर तेही सांगा. मिरचीतलं ते द्रव्य त्वचेतल्या तंतूंची टोकं तात्पुरती नाहीशी करतं आणि मोजणी खोटी कमी येते. स्टिरॉइडच्या मलमानेही आकडा बदलू शकतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा तुकडा नेहमीच्या फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून चालत नाही, त्याला झांबोनी किंवा पीएलपी नावाचं वेगळं द्रावण लागतं. तपासणीची तारीख घेण्याआधी लॅबला दोन प्रश्न विचारा: द्रावण कोणतं वापरता, आणि पीजीपी ९.५ ने तंतूंची मोजणी करून आकडा देता का? ‘त्वचा नॉर्मल’ एवढाच शेरा मिळणार असेल तर पैसे आणि जखम दोन्ही वाया.

६. बायोप्सी नॉर्मल आली तर आजार नाही असं समजायचं का?

तसं खात्रीने म्हणता येत नाही. तंतूंची संख्या भरलेली असूनही ते चुकीचे संदेश पाठवत असू शकतात, किंवा नुकसान त्या तुकड्याच्या जागी नसून दुसरीकडे असू शकतं. म्हणूनच तज्ज्ञांच्या निकषांमध्ये लक्षणांच्या जोडीला तपासणीतल्या खुणा, क्यूएसटी आणि बायोप्सी या तिन्हींपैकी किमान दोन बाजूंनी पुरावा मागतात. उलटंही खरं आहे: नुसता आकडा कमी आणि लक्षण काहीच नाही, तर त्या आकड्यावर उपचार करायचा नसतो.

७. मला मधुमेह नाही. म्हणजे माझं ऑटोइम्यूनच असणार?

थांबा. या घाईत सगळ्यात जास्त लोक अडकतात. आधी बाकीची कारणं तपासून बाजूला करावी लागतात.

यादीत पहिला मधुमेहच, आणि त्याच्या आधीची पायरीसुद्धा. उपाशीपोटीची साखर बरी असली तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी ती १४० ते १९९ आली तर ती प्री-डायबेटिस, आणि तेवढ्यानेही बारीक तंतू बिघडू शकतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजेही तेच. रक्तक्षय असेल तर एचबीए१सीवर एकट्यावर विसंबू नका, तो फसवतो. मग बी-१२, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, दारू, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, गव्हाच्या प्रथिनाने होणारा सिलिॲक आजार, आणि रक्तातलं असामान्य प्रथिन शोधणारी इलेक्ट्रोफोरेसिस. कॅन्सरची काही औषधंही हे करतात. घराण्यात असाच त्रास असेल तर फॅब्री, ॲमिलॉइड किंवा सोडियम चॅनेलच्या जनुकातला दोष अशा आनुवंशिक आजारांचा विचार होतो.

आणि आपल्याकडे कुष्ठरोग विसरून चालत नाही. त्यात बारीक तंतूंवर फार लवकर घाव बसतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे गरम-थंड कळत नाही, किंवा कोपराजवळ, गुडघ्याच्या बाजूला नस जाड लागते, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. लाजेपायी हे लपवू नका, हात जोडून सांगते.

एवढं सगळं करूनही मोठ्या संख्येने रुग्णांत कारण सापडत नाही. ‘कारण सापडलं नाही’ आणि ‘ऑटोइम्यून आहे’ ही दोन वेगळी निदानं आहेत.

८. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, तरी आग थांबली नाही. असं का?

शाकाहारी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी असणं इतकं सर्रास आढळतं की ते खरं कारण असू शकतं, तसं नुसतं सोबतीलाही असू शकतं. पातळी भरल्यावर काही महिने वाट पाहा. सुधारणा नसेल तर शोध पुढे चालू ठेवा (प्रश्न ७). मेडिकलमधून ‘नसांच्या गोळ्या’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटावर बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, किती आहे ते वाचा. जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलेलं बी-६ स्वतःच नसा खराब करतं. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांमधून ते एकदम पोटात जात असतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही.

९. एएनए पॉझिटिव्ह आला. ल्युपस झाला का?

एएनए ही स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी, आणि ल्युपस हा अनेक अवयवांवर उलटणारा ऑटोइम्यून आजार. नुसत्या एएनएवरून तो ठरत नाही. निरोगी माणसांतही १:८० या पातळीला (रक्तद्रव ८० पट पातळ करून) साधारण १३ टक्के जणांचा एएनए पॉझिटिव्ह येतो. सांधे सुजणं, उन्हाने पुरळ, तोंडात फोड, लघवीत प्रथिन, रक्तपेशी कमी होणं असं काही सोबत आहे का ते पाहून संधिवाततज्ज्ञ पुढच्या तपासण्या सांगतात. एएनए निगेटिव्ह असला तरी सगळं संपत नाही. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

१०. डॉक्टरांनी शोग्रेन्सचं नाव काढलं. मला तर फक्त आग होते. डोळे कोरडे असतात, पण ते मोबाइलमुळे असेल ना?

असेलही. पण हा प्रश्न सोडून देऊ नका, कारण बारीक तंतूंच्या त्रासामागे जी ऑटोइम्यून कारणं सापडतात त्यांत शोग्रेन्स ठळक आहे. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. रुग्णांत बायका पुरुषांच्या कितीतरी पट जास्त.

स्वतःला हे विचारून पाहा: भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळता येतो का? रात्री उशाशी तांब्या ठेवावा लागतो का? थोड्याच वर्षांत बरेच दात किडले का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का? गालाखालच्या ग्रंथी अधूनमधून सुजतात का? काही जणांत नसांचा त्रास कोरडेपणाच्या आधी सुरू होतो, म्हणून सगळ्याची उत्तरं ‘नाही’ आली तरी तपासणी टाळू नये.

आगीची जागाही बोलते. मधुमेहात त्रास बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. शोग्रेन्समध्ये तो कधीकधी चेहरा, डोक्याची कातडी, छाती, मांड्या असा ठिकठिकाणी उठतो, कारण घाव मणक्याजवळ असलेल्या, संवेदना वाहणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांवर असतो. अशांच्या बायोप्सीत घोट्यापेक्षा मांडीवर तंतू कमी दिसू शकतात. ज्यांना नसांचा हा नेमका नमुना माहीत नसतो, ते अशा तक्रारीला ‘मानसिक’ म्हणून मोकळे होतात.

तपासण्या तीन. रक्तातली एसएसए किंवा अँटी-रो अँटीबॉडी. शिर्मर चाचणी: पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ५ मिलीमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू कमी. आणि खालच्या ओठाच्या आतून घेतलेल्या छोट्या लाळग्रंथींची बायोप्सी, जिच्यात फोकस स्कोअर, म्हणजे ग्रंथीत गोळा झालेल्या दाहपेशींच्या पुंजक्यांचं माप, १ किंवा जास्त हवा. नसांचा त्रास असलेल्या बऱ्याच शोग्रेन्स रुग्णांत एसएसए निगेटिव्ह असते. संशय दाट असेल तर रक्ताच्या रिपोर्टवर न थांबता ओठाच्या बायोप्सीबद्दल विचारा.

११. टीएस-एचडीएस आणि एफजीएफआर-३ अँटीबॉडी तपासून घेऊ का?

सध्या तरी त्यासाठी धावपळ करू नका. काही रुग्णांत या अँटीबॉडी सापडतात, पण त्या आजार घडवतात की नुसत्या सोबत असतात हे ठरलेलं नाही. त्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवरच्या एका छोट्या तुलनात्मक चाचणीत आयव्हीआयजीचा (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी शिरेतून देण्याच्या उपचाराचा) फायदा दिसला नाही. ज्या रिपोर्टने उपचार बदलणार नाही, त्यावर खर्च करताना दोनदा विचार करावा.

१२. आग कमी करायला कोणती औषधं असतात?

प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, ड्युलॉक्सेटिन, आणि ॲमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन. कमी मात्रेने रात्री सुरू करून हळूहळू वाढवतात; खरा अंदाज यायला काही आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नका. पूर्ण आराम क्वचितच मिळतो. दुखणं निम्म्यावर आलं आणि झोप लागली तरी ते यश धरतात. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी ही आग जात नाही, मूत्रपिंडाला मात्र त्रास होतो. लिडोकेनची पट्टी छोट्या जागेसाठी चांगली.

शोग्रेन्स असेल तर एक खास सावधगिरी: ॲमिट्रिप्टिलीन तोंड आणि डोळे आणखी कोरडे करतं. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल (प्रश्न १५) तर तेही वाढवतं. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा दोष किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास आधी सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रीगाबालिन आणि गाबापेन्टिनची मात्रा कमी करावी लागते. यातलं कुठलंही औषध एकदम बंद करू नका.

१३. मुळावरच उपाय नको का? स्टिरॉइड किंवा आयव्हीआयजी का देत नाहीत?

मूळ सिद्ध झालं असेल तर जरूर. सार्कॉइड (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी करणारा आजार), ल्युपस, शोग्रेन्स, सिलिॲक यांपैकी काही पक्कं सापडलं तर त्या आजारावर उपचार करतात; सिलिॲकमध्ये ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, जव, राय) पूर्ण बंद करणं हाच उपचार. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध थकवा आणि सांध्यांसाठी देतात, पण नसांच्या वेदनेवर ते चालतं असा भक्कम पुरावा नाही. दिवसाची मात्रा वजनाच्या दर किलोला ५ मिलीग्रॅमच्या आत ठेवतात. सुरुवातीला डोळ्याचा पडदा तपासतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. स्टिरॉइडने साखर चढते, आणि साखर हीच बारीक तंतूंची पहिली शत्रू. कारण नसताना ते घेणं म्हणजे आगीत तेल.

आयव्हीआयजीबद्दल दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑटोइम्यून वाटणाऱ्या ५५ रुग्णांच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी बरं वाटल्याचं सांगितलं. पण तिथे तुलनेला खोटं औषध घेणारा गट नव्हता. नेदरलँड्समध्ये कारण न सापडलेल्या ६० रुग्णांवर तसा गट ठेवून चाचणी झाली, ती २०२१ मध्ये आली. शून्य ते दहाच्या मापावर वेदना किमान एक अंकाने कमी झाली ती औषध घेणाऱ्यांत ४० टक्के जणांत आणि खोटं औषध घेणाऱ्यांत ३० टक्के जणांत. हा फरक सिद्ध मानण्याइतका नव्हता. माझं मत स्पष्ट आहे. कारण सापडलं नाही म्हणून आयव्हीआयजी घेऊ नये. पक्का ऑटोइम्यून पुरावा, वाढत जाणारा आजार आणि साध्या औषधांचं अपयश, हे तिन्ही असतील तर न्यूरॉलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावं.

१४. आयव्हीआयजी घ्यायचं ठरलंच, तर काय विचारून घ्यावं?

पहिली मात्रा साधारण वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. पुढे तीन-चार आठवड्यांनी कमी मात्रा चालू राहते, त्यामुळे खर्च लाखांच्या घरात जातो. विमा कंपनीची मंजुरी आधी लेखी घ्या. किती फेऱ्यांनंतर आणि कोणत्या मापाने फायदा ठरवायचा, फायदा नसेल तर कधी थांबायचं, हे पहिल्या बाटलीआधी डॉक्टरांशी ठरवून लिहून ठेवा. डोकेदुखी बरीच होते; रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला इजा हे विरळ पण गंभीर धोके आहेत. भरपूर पाणी आणि हळू गती यांनी धोका कमी होतो.

१५. उभं राहिलं की छाती धडधडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. याचा संबंध आहे का?

असू शकतो, कारण हृदयगती आणि रक्तदाब सांभाळणारे तंतूही बारीकच असतात. घरी करून पाहता येईल: दहा मिनिटं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी. पडायची भीती असेल तर कुणाला तरी शेजारी उभं करा. रक्तदाब न उतरता नाडी ३० किंवा जास्त वाढली (१२ ते १९ वयात ४०) तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा) संशय. वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो वेगळा दोष. आकडे लिहून न्या. भरपूर पाणी, मांडीपर्यंतचे घट्ट मोजे, हळू उठणं यांचा उपयोग होतो. मीठ वाढवायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

१६. फायब्रोमायल्जिया सांगितला आहे. तो आणि हा एकच आजार?

एक नाही, पण सरमिसळ आहे. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखणं आणि थकवा. २०१३ च्या एका अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या २७ रुग्णांपैकी ४१ टक्के जणांच्या त्वचेत स्मॉल फायबर न्यूरोपथी सापडली. म्हणून आग, सुया आणि चक्कर ही लक्षणं ठळक असतील तर तपासणी मागायला हरकत नाही.

१७. गेलेले तंतू परत येतात का?

कारण दूर झालं तर बारीक तंतू पुन्हा वाढू शकतात. प्री-डायबेटिस असलेल्यांनी वर्षभर आहार आणि व्यायाम सांभाळला तेव्हा त्वचेतले तंतू वाढल्याचं बायोप्सीत दिसलं आहे. वेग मात्र फार संथ असतो, हिशोब आठवड्यांत नाही, महिन्यांत आणि वर्षांत करावा लागतो. वाढताना काही काळ टोचणी वाढल्यासारखीही वाटते.

१८. एसएसए पॉझिटिव्ह आहे आणि आम्हाला मूल हवं आहे. सांगायला हवं का?

हो, दिवस राहण्याआधीच. ही अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते आणि अशा आयांच्या साधारण १ ते २ टक्के बाळांत हृदयाचे ठोके मंदावण्याचा दोष होतो. गरोदरपणाच्या १६ ते १८ आठवड्यांपासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करत राहतात, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू ठेवायचं का हे आधी ठरवतात. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर ते बाळाला घातक आहे. दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावं लागतं.

१९. कोणत्या लक्षणांवर अपॉइंटमेंटची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं?

पायांतली ताकद काही तासांत किंवा दिवसांत कमी होत असेल, श्वास किंवा गिळणं जड जात असेल, लघवी-संडासावरचा ताबा सुटला असेल, एका पायाचं पाऊल अचानक लोंबकळू लागलं असेल, अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल पूर्ण जात असेल. यातलं काहीही निव्वळ बारीक तंतूंचं नसतं आणि थांबण्यासारखंही नसतं. शोग्रेन्सच्या रुग्णात गालाची गाठ सतत मोठी होत असेल, वजन उतरत असेल किंवा रात्री घामाने कपडे भिजत असतील तर लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) तपासण्यासाठी त्याच आठवड्यात दाखवा.